मावशीचं कपाळ

आमच्या लातूरच्या स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोचं नाव निघतं ते बहुतेक एकाच कामासाठी. घरातलं कुणीतरी गेलेलं असतं. लग्नाच्या जुन्या अल्बममधला फोटो पिशवीत घालून माणूस येतो आणि त्यातलं एक डोकं दाखवून म्हणतो, एवढंच मोठं करा, अन् जमलं तर रंग भरा. जिवंत माणसांचे काळे-पांढरे फोटो मी हौसेनं काढते हे ऐकलं की गिऱ्हाइकाचा चेहरा कसा होतो हे मला आता पाठ झालंय. एका बाईंना मी त्यांच्या नवऱ्याचा असा एक फोटो भेट म्हणून दिला होता. त्यांनी तो काउंटरवर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, ‘अहो ताई, हे आहेत अजून.’ मी त्या वेळी हसले. रात्री जेवताना नवऱ्याला त्यांची नक्कलसुद्धा करून दाखवली.

आमचं पोट चालतं ते लग्नांवर. नवरा व्हिडिओ करतो, मी फोटो काढते. सगळं रंगीत, सगळं चकचकीत. पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईला ‘काकू, परत एकदा गळ्यात पडा, मागचं नीट आलं नाही’ असं मी कितीतरी वेळा सांगितलेलं आहे. दुसऱ्यांदा गळ्यात पडताना त्या बाया पहिल्यापेक्षा जास्त रडतात. याचं कारण मला अजून कळलेलं नाही आणि विचारायची हिंमतही झालेली नाही. पण त्या सगळ्याचा कंटाळा येतो म्हणूनच मी सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन अहमदपूरच्या स्टँडवर नाहीतर देवणीच्या जनावरांच्या बाजारात जाऊन बसते. कुणाला ‘इकडे बघा’ म्हणायचं नाही, कुणाला हलवायचं नाही, जे चेहऱ्यावर येईल ते घ्यायचं. निदान ठरवलं तरी असंच आहे.

आता यातली अडचण सांगते. आमच्याकडचा माणूस कॅमेरा दिसला की झेंडावंदनाला उभा राहिल्यासारखा होतो. दोन मिनिटांपूर्वी कंडक्टरशी तावातावानं भांडणारा म्हातारा टोपी सरळ करतो, हात मांडीला चिकटवतो आणि डोळे विझवून टाकतो. बायका पदर ओढून घेतात, मग तोंड मिटतात, मग सगळंच मिटतात. मी तासन्‌तास घालवते आणि घरी ओळखपत्रांचे फोटो घेऊन येते. चिडचिड होते नुसती.

आणि दुसरी अडचण बघणाऱ्यांची. मराठवाडा म्हटलं की या लोकांना सगळं कोरडं लागतं. भेगा पडलेली जमीन, भेगा पडलेली टाच, डोळ्यांत पाणी. बाजारात बैलाच्या पाठीवर हात टाकून खो-खो हसणाऱ्या एका माणसाचा माझा फोटो आहे. मला विचाराल तर तो मी काढलेल्यांत सगळ्यात चांगला आहे. तीन प्रदर्शनांना पाठवला, तीनदा परत आला. एका परीक्षकांनी प्रेमानं समजावलं, ‘यात तुमच्या मातीची वेदना येत नाही.’ माझ्या मातीला दुसरं काही येतच नाही असं यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. मी फोनवर ‘बरं सर’ म्हणाले आणि फोन ठेवून स्टुडिओतल्या रिकाम्या खुर्चीला शिव्या दिल्या.

मावशीकडे मी गेले ती अशा वैतागात.

माझी मावशी भोकरजवळच्या एका गावात राहते. वडिलांची सारखी बदली व्हायची म्हणून आठवी ते दहावी मी तिच्याकडे होते. तीन वर्षं तिच्या हातचं खाल्लं, तिचा मार खाल्ला, तिच्या कुशीत झोपले. तिच्या चेहऱ्यावर काही लपत नसे. शाळेतून आल्यावर दारातूनच तिचं तोंड बघायचं आणि आज घरात काय घडलंय ते ओळखायचं, हा माझा खेळ होता, आणि मी क्वचित चुकायची. तिचे मालक, म्हणजे माझे काका, याच्या अगदी उलटे. हळद आणि सोयाबीन करणारा, घरचं रान स्वतः बघणारा माणूस. बोलायचे कमी आणि बोलले तर समोरच्याची फिरकी घेणार, तीही अशी की त्याला घरी पोचल्यावर कळावी. दोघांचं भांडण म्हणजे मावशी एकटीच बोलायची आणि काका मधूनच एखादा शब्द टाकून तिला आणखी पेटवायचे. पंचेचाळीस वर्षांचा संसार त्यांनी असा केलाय.

मला वाटलं, जगात एक चेहरा तरी असा आहे जो मला पूर्ण वाचता येतो. तो काळ्या-पांढऱ्यात आणायचा. जमलं तर जमलं, नाहीतर कॅमेरा बासनात बांधून ठेवायचा.

पहिल्या दिवशी मी कॅमेरा काढला तशी मावशी म्हणाली, ‘थांब, कुकू लावून येते.’ ती कपाळाला अजून मेण लावते आणि त्यावर बोटानं कुंकू दाबते, चांगलं रुपयाएवढं. आरसा लागत नाही. आतून नवं लुगडं नेसून, ताजं कुंकू लावून, हिरव्या बांगड्या पुढं ओढून ती आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी चाळीसेक फोटो काढले. त्या चाळिसांत माझी मावशी कुठंच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती जरा विसरली, पण कॅमेऱ्याशीच बोलायला लागली. ‘हे बघ, ही आमची म्हैस. हिचा बी काढ.’ तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात आली. अंगणातला उजेड एका बाजूनं तिच्या तोंडावर पडला होता. मी म्हणाले, ‘मावशी, तिथंच थांब.’

कॉलेजच्या मुलींना मी फोटोग्राफी शिकवायला जाते तेव्हा माझा पहिला नियम असतो, की कुणाला थांब म्हणायचं नाही. पण मी म्हणाले. ती चौकट धरून थांबली. काहीतरी बोलली, मी ‘एकच मिनिट’ म्हणाले. ती परत बोलली, मी परत ‘एकच मिनिट’. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग तिनं बोलणं सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट, डोळे भरल्यासारखे, मान किंचित आतल्या अंगाला वळलेली. मी बटण दाबलं. वर्षानुवर्षं जे हवं होतं ते आलंय असं वाटलं.

आता पुढचं सांगणं मला जड जातं, पण ते टाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. आमचा कॅमेरा फोटो रंगीतच घेतो. काळा-पांढरा नंतर कॉम्प्युटरवर करायचा असतो, आणि तेव्हा प्रत्येक रंग किती उजळ किंवा किती गडद ठेवायचा ते आपल्या हातात असतं. लाल उजळ केला की आपल्याकडची सावळी कातडी चमकायला लागते, सुरकुती न्‌ सुरकुती कोरल्यासारखी दिसते. मी लाल वाढवत नेला. मावशीचा चेहरा अंधारातून वर यायला लागला. आणि तिचं कुंकूही लालच. तेही उजळत गेलं आणि कपाळात मिसळून गेलं. बांगड्या हिरव्या, त्या काळ्या पडल्या. शेवटी पडद्यावर एक उघड्या कपाळाची बाई दारात उभी होती.

मला ते दिसलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. दिसलं होतं. हात थांबला होता माझा. मी मनात म्हणाले, कपाळ मोकळं झाल्यावर डोळ्यांकडे लक्ष जातंय, बरंच आहे की. मी स्वतः टिकली लावत नाही, वीस वर्षं झाली. मला ती प्रथा पटत नाही आणि त्यावरून नातेवाइकांत माझं नाव निघतं. मावशीनं मात्र मला यावरून कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्यामुळे असेल, एका ठिपक्याचं काय एवढं, असंही मला वाटून गेलं. मी फाइल जतन केली आणि चहा करायला उठले.

तो फोटो नांदेडच्या प्रदर्शनात निवडला गेला. नुसता निवडला नाही, दारातून आत आल्या आल्या समोर, माणसाच्या उंचीएवढा करून लावला. खाली मी ‘मावशी, भोकर’ एवढंच लिहून दिलं होतं. आयोजकांना ते फार साधं वाटलं. त्यांनी शीर्षक दिलं, ‘उरलेली’. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मांडणी बघायला गेले तेव्हा मी ते वाचलं. शीर्षकाचा अर्थ मला कळला. काढून टाका म्हणायला तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात दोघं-तिघं जण त्या फोटोसमोर थांबून गप्प झालेले दिसले आणि माझी जीभ वळली नाही. आपल्या फोटोसमोर माणसं गप्प झालेली मी पहिल्यांदाच बघत होते.

फोनवर मी मावशीला सहज सांगितलं होतं, तुझा फोटो लागलाय, या बघायला. तिचे गुडघे दुखतात, ती येणार नाही हे मला माहीत होतं. काका येतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. उद्घाटनाला पन्नास-साठ माणसं होती. मी पुढं पाहुण्यांच्या शेजारी उभी होते आणि दुसऱ्या रांगेत मला काका दिसले. पांढरं स्वच्छ धोतर, इस्त्रीचा सदरा, टोपी, मांडीवर पिशवी. सकाळच्या एसटीनं आले होते. मी हात केला, त्यांनी मान हलवली.

पाहुणे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी बोलायला माझाच फोटो घेतला. चांगलं बोलत होते हो, खोटं कशाला सांगू. आवाज खाली आणून ते म्हणाले, धनी गेल्यानंतर बाईच्या आयुष्यात जे उरतं ते या चौकटीत उभं आहे. हे मोकळं कपाळ म्हणजे पेरणीवाचून पडलेलं रान आहे. ती दाराच्या आतही नाही आणि बाहेरही नाही, कारण आता तिला कुणी बोलावणारं नाही. एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मी काकांकडे बघायचं टाळलं, आणि टाळता टाळता बघितलंच. ते फोटोकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नाही.

मग प्राध्यापक माझ्याकडे वळले. ‘ताई, या माउलीचे यजमान जाऊन किती वर्षं झाली?’

सरळ प्रश्न होता. उत्तर दुसऱ्या रांगेत बसलेलं होतं. ‘सर, तुमची चूक होतेय, हे काय माझे काका’ एवढं बोलायला किती श्वास लागतो? सगळे माझ्याकडे बघत होते. तीनदा परत आलेला तो हसरा माणूस मला आठवला, परीक्षकांचं ‘वेदना’ आठवलं, आणि वाटलं, आता खरं सांगितलं तर हा फोटो इथंच मरेल. मी म्हणाले, ‘सर, फोटोच सांगतोय सगळं. मी काय सांगू?’

टाळ्या पडल्या. काकांनी पिशवी बाजूला ठेवली आणि त्यांनीही वाजवल्या.

नंतर ते बाहेर पायरीपाशी उभे होते. म्हणाले, ‘चहा पाजतीस का?’ समोरच्या टपरीवर आम्ही उभं राहून चहा घेतला. मी काहीतरी बोलायला जात होते, ते म्हणाले, ‘मास्तर बोलतो मातर चांगला. मला बी रडू आलं माझ्यावर.’ आणि बशीत चहा ओतून फुंकर मारली. ‘फकस्त एक सांग. मी गेलो कवा? सुगीच्या आधी का मागून? न्हाई, हळद शिजवायची ऱ्हायलीय म्हनून इचारलं.’

ते हसले. मला हसता आलं नाही. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांच्या पाया पडले असते आणि सगळं मोकळं झालं असतं. पण हा माणूस रागावत नाही, हा त्याचा फार मोठा दोष आहे. मी म्हणाले, ‘काका, मी तिथं बोलायला पाहिजे होतं.’ त्यांनी बशी टपरीवर ठेवली. ‘फोटू चांगला हाय. डोळे तिचेच हायत. तिला यातलं काही सांगू नको, मी बघतो.’ मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी येईपर्यंत त्यांनी यंदाच्या सोयाबीनचं सगळं सांगितलं आणि खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होऊन गेले.

दोन दिवसांनी तिथल्या एका पेपरात फोटो छापून आला. खाली ओळ होती, ‘वैधव्याचा मूक हुंदका’. माझं नाव ठळक. दिवसभर फोन येत राहिले. प्रत्येक जण तोच शब्द वापरत होता, जिवंत. किती जिवंत फोटो. मी दर वेळी ‘थँक्यू’ म्हणत होते आणि दर वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

त्या संध्याकाळी स्टुडिओ लवकर बंद करून मी मूळची रंगीत फाइल उघडली. कुंकू तिथं होतं. ताजं, गोल, बोटाचा दाब दिसत होता. मी सगळं पहिल्यापासून केलं, लाल गडद ठेवला. कपाळावर काळाभोर टिळा आला. आणि बाकीचं सगळं गेलं. चेहरा अंधारला, सुरकुत्या गढूळ झाल्या. त्या दारात आता एक धडधाकट, नवरा असलेली, चांगलीच वैतागलेली बाई उभी होती. मी परत लाल उजळ केला, दुःख आलं. परत गडद केला, दुःख गेलं. दहा-बारा वेळा मी हे केलं. जे पकडायला मी वर्षानुवर्षं स्टँडवर आणि बाजारात बसले, ज्याला मी चेहऱ्यावरची भावना म्हणत होते, ती मावशीच्या चेहऱ्यावर नव्हतीच. ती माझ्या बोटाखाली होती. माउस टेबलावर इतक्या जोरात आपटला की नवरा आतून धावत आला.

आयोजकांचा फोन आला की प्रदर्शन आता पुण्याला जातंय आणि पत्रिकेवर तुमचाच फोटो आहे. मी त्यांना नवा फोटो पाठवला, म्हटलं, हा लावा. त्यांनी बघून लगेच फोन केला. ‘ताई, यात काहीच घडत नाही. एक बाई चिडलीय, बस.’ माणूस बरोबर बोलत होता हीच तर गोची होती. मी म्हणाले, मग माझा फोटोच काढून टाका. ते म्हणाले, का? तर मी म्हणाले, जुनी फाइल खराब झाली. खरं कारण तेव्हाही तोंडातून निघालं नाही. पुण्याच्या पत्रिकेवर दुसऱ्या कुणाचा तरी भेगाळलेला हात छापला गेला. तो बघून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला हेवा वाटला. हेही लिहून ठेवते.

आठवड्यानं मी नव्या फोटोची मोठी प्रत फ्रेम करून भोकरला निघाले. लातूरहून नांदेड, नांदेडहून भोकर, सगळा रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होते. पेपर गावात गेला असणार, बायांनी मावशीला दाखवला असणार. ती काय काय म्हणेल ते मला ऐकू येत होतं. मी ठरवलं होतं, एकही सबब सांगायची नाही. मावशी, कुंकू मीच घालवलं, आणि तिथं सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा काकांना ओळख दाखवली नाही. एवढी दोन वाक्यं बोलायची, मग तिनं घराबाहेर काढलं तरी चालेल.

मावशी अंगणातच होती. ‘आलीस? ये माय. उन्हाची आलीस, हातपाय धू आधी.’ मी तिच्या तोंडाकडे बघितलं, जुन्या सवयीनं. राग नव्हता. उलट कशावर तरी ती खूश होती. मला काही समजेना. काका जेवायला बसले होते, मलाही तिनं त्यांच्या समोर पाट दिला. भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. मी आधी फ्रेम तिच्या हातात दिली. तिनं ती हात लांब करून धरली आणि डोळे बारीक केले.

‘अगं बया, ही एवढी कामून फुगलीय?’ मग एकदम कपाळाला हात लावून हसायलाच लागली. ‘आवं, बघा की हिकडं! वरण लागलं व्हतं त्या दिशी. मी म्हनून ऱ्हायले, अगं वरण लागायलंय, अन्‌ ही आपली एक मिंट, एक मिंट. वास येऊन ऱ्हायला आतून. समदं बुडाला लागलं. ह्यांनी तसंच खाल्लं बिचाऱ्यांनी.’

‘करपटच व्हतं,’ काका म्हणाले.

नांदेडमध्ये रुमाल भिजले ते या वरणासाठी. एरवी मी पोट धरून हसले असते. मी म्हणाले, ‘मावशी, मला तुला त्या पेपरातल्या फोटोचं सांगायचंय.’

‘मालूम हाय मला,’ ती म्हणाली. तिनं फळीवरच्या डब्याखालून कात्रण काढलं. चार घड्या घालून ठेवलं होतं. ‘आधी बघितलं तवा जीव थाऱ्यावर ऱ्हायला न्हाई माझा, खोटं कशाला बोलू. बाया आल्या घरी. म्हनल्या, ती लातूरची सोता लावत न्हाई, म्हनून तुझं बी घालवलं. मी म्हनलं, त्वांड सांभाळा. तिचं कपाळ तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी. मी वाढवलेली पोर हाय ती. ती असं करनार न्हाई. मग ह्यांनी सांगितलं, मशीनीत जातं म्हन कवा कवा असं.’

‘मावशी, मशीनमध्ये नाही गेलं...’

‘जेवू दे की तिला,’ काका म्हणाले. ‘वाढ.’

‘वाढते की. अन्‌ मला समदं सांगितलं ह्यांनी, तू लपवू नको.’ मावशी माझ्यासमोर गुडघा धरत खाली बसली. ‘त्यो मास्तर बोलला तसं तू उभी ऱ्हायलीस म्हन. म्हनलीस, सर, चुकलं तुमचं, हे काय माझे काका, जित्ते समोर बसलेत. समद्यांनी टाळ्या वाजवल्या म्हन. दोनदोनदा सांगितलं ह्यांनी मला. मी त्या बायांना बी घरी जाऊन सांगितलं, ऐका म्हनलं आता.’

मी काकांकडे बघितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि माझ्याकडे न बघता तोंडात घातला. ते कितीही सरळ चेहऱ्यानं खोटं बोलू शकतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण ते एरवी गंमत म्हणून बोलतात. हे त्यांनी मला वाचवायला सांगितलं होतं, तिला सांभाळायला, का मला काय करायला हवं होतं ते ऐकवायला, मी अजून सांगू शकत नाही. माझी दोन वाक्यं माझ्या घशात तयार होती. ती बोलले तर बायकोसमोर काका खोटे पडणार होते आणि गावासमोर मावशी. न बोलले तर माझी पाठ आणखी एकदा थोपटली जाणार होती. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. तीन वर्षं मी तिचं तोंड वाचायची तशी तीही माझं वाचत असणार, आता तरी तिला दिसेल असं मला वाटलं. मी वाट बघितली.

‘लाजायलीस कशाला?’ मावशी म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. ‘भर सभेत बोलायला जिगर लागतंय.’

काका खाली बघून जेवत होते. मी ती भाकरी मोडली आणि खाल्ली.